दवाखान्याच्या रांगेत आधी कोणतं मूल? परिचारिकांना शिकवला जाणारा ‘ट्रायज’ समजून घ्या

छत्रपती संभाजीनगर : मुकुंदवाडीतून तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन निघालेले आई-बाबा चिकलठाण्याच्या ‘मिनी घाटी’त जातात, नाहीतर थेट घाटी गाठतात. कुठल्याही दवाखान्यात मोठ्याने रडणाऱ्या मुलाकडे सगळ्यांच्या माना वळतात. पण रडणाऱ्या मुलाचा श्वास निदान चालू असतो. जास्त काळजी खांद्यावर मान टाकून गप्प पडलेल्या मुलाची. ते मूल गर्दीतून हेरून आधी आत घेणं, म्हणजे ट्रायज.

सिस्टर नेमकं काय बघतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ईटॅट’ प्रशिक्षणात क्रम ठरलेला आहे : श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, बेशुद्धी, झटके आणि जुलाबांमुळे शरीरातलं पाणी खूप कमी होणं. यातलं एक जरी धोक्याचं लक्षण दिसलं तरी उपचार लगेच, केसपेपर नंतर.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. हात गार लागले तर नख दाबून सोडायचं. ते पुन्हा गुलाबी व्हायला 3 सेकंदांपेक्षा जास्त लागले आणि नाडीही क्षीण व जलद असेल, तर शॉक. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. घडी 2 सेकंदांहून जास्त टिकली तर पाणी फार कमी झालंय. श्वास मात्र पूर्ण मिनिटभर मोजायचे. 2 महिन्यांखालील बाळात मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक म्हणजे जलद श्वास. मोठ्यांचे आकडे इथे कामाचे नाहीत.

दोन महिन्यांहून लहान, भाजलेली, विषबाधा झालेली किंवा खूप कुपोषित मुलंही रांगेत पुढे घ्यायची असतात.

गंमत म्हणजे, दारावरचा वॉचमन आणि खिडकीवरचा कारकून यांनाही धोक्याची लक्षणं शिकवावीत, असं ‘ईटॅट’ सांगतं. मुलाला सर्वात आधी तेच तर बघतात!

फरक पडतो?

मलावीतील ब्लँटायरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ट्रायज आणि तातडीचे उपचार सुधारल्यावर दाखल मुलांमधील मृत्यूचं प्रमाण 10-18 टक्क्यांवरून 6-8 टक्क्यांवर आलं. भारतात 2009 च्या ‘एफ-आयएमएनसीआय’ प्रशिक्षणात डॉक्टर आणि परिचारिकांसाठी हाच भाग घेतला आहे.

पालकांनी काय करावं?

मूल दूध पीत नसेल, झटका आला असेल किंवा हलवूनही जागं होत नसेल, तर रांगेत उभं राहू नका. समोर दिसेल त्या सिस्टरला हेच आधी सांगा. वाहन नसेल तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.