बर्फातले बोलणे
अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगरांत मित्रांसह स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फगाडीवर, हिंडायचे तर वॉकीटॉकी हवाच. जाहिरातीतील मैलांच्या आकड्यांवर मात्र मी विसंबणार नाही. लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगराची सोंड आली की बोलणे खुंटले. एफआरएस नावाचे संच बिनपरवान्याचे, पण २ वॅटपर्यंतच. जीएमआरएस अधिक दमदार. परंतु त्याचा परवाना (२०२२ पासून ३५ डॉलर) कुटुंबाला चालतो, मित्रांना नव्हे!

गारठ्यात बॅटरी मलूल होते. म्हणून संच कोटाच्या आत, आणि हातमोज्यानिशी दाबता येईल असा माईक खांद्यावर. हिमकडा कोसळण्याजोग्या उतारावरून एकेकानेच जायचे असते. तेव्हा ‘थांब’ हा शब्द वेळेत पोचायला हवा. गाडलेल्याला शोधण्याचे यंत्र वेगळे. शोधताना रेडिओ त्यापासून निदान ५० सेंटिमीटर दूर ठेवावा, नाहीतर संकेतांत गोंधळ होतो.