लागण नोंदीची वही आणि संगणक



गळीत हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात एकच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा कानावर येतो. "साहेब, माझी तोड कधी?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा आवाज चढवून : "माझी लागण आधीची, मग शेजाऱ्याचा ऊस आधी कसा गेला?" २०२१-२२ चा हंगाम आपण कोणी विसरलेलो नाही. राज्यात उसाचे विक्रमी पीक होते आणि काही भागांत जून महिन्यापर्यंत ऊस शेतात उभा होता. तुरा आलेला, वजन घटत चाललेला ऊस बांधावर उभे राहून बघणाऱ्या सभासदाला 'नियमाप्रमाणे पाळी येईल' एवढे सांगून भागत नाही. त्याला नोंद दाखवावी लागते.

ती नोंद दाखवताना माझीच अडचण होत असे. लागणीची तारीख तीन ठिकाणी असायची. गटाच्या रजिस्टरमध्ये, शेतकी खात्याच्या मुख्य वहीत आणि चिटबॉयच्या खिशातल्या डायरीत. तिन्ही जुळल्या तर तो दिवस चांगला! संगणकावर याद्या होत्या, नाही असे नाही. पण त्या नुसत्या लांबलचक तक्त्यांच्या याद्या. आमच्या कृषी पदविकेत माती, पाणी, कीड, खते सगळे शिकवले, पण संगणक होता तो प्राचार्यांच्या खोलीत, कापडाने झाकलेला. म्हणून २०२२ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये मी दर शनिवारी दुपारची एस.टी. धरून नवी मुंबईला जाऊ लागलो आणि प्रौढांसाठीच्या एका वर्गात, घरच्या साध्या संगणकावर चालणारा माहितीसाठा कसा बांधायचा, ते शिकलो. तिथे काय शिकलो ते सभासदांना कळावे, कारण त्या साठ्यात आहे ती तुमचीच माहिती.

राहायला थोरल्या बहिणीकडे, करावे गावात. दाजी वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत. आपल्या भागातली किती घरे त्या मार्केटवर उभी आहेत हे मी सांगायला नको. करावे हे मूळचे आगरी-कोळी लोकांचे गाव. भातशेती आणि खाडीतली मासेमारी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे नव्या शहरासाठी या पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या. आज गावाच्या अंगावरून पाम बीच मार्ग जातो आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की चहूकडे इमारती दिसतात. तरी सकाळी बायका मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या असतात, तेवढे गाव शिल्लक आहे.

वर्ग शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर. आम्ही चौदा जण, बहुतेक चाळिशीच्या पुढचे. खानावळ चालवणाऱ्या एक ताई, सोसायटीचे हिशेब लिहिणारे निवृत्त कारकून, मी, आणि करावे गावातलेच एक दादा. शिकवणाऱ्या मॅडम आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिले दोन रविवार त्यांनी संगणक उघडूच दिला नाही. मला म्हणाल्या, "काका, तुमच्या रजिस्टरात एका ओळीत काय काय लिहिता ते सांगा."

मी सांगितले : सभासदाचे नाव, गाव, गट, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, बँकेचा खाते नंबर.

"एका सभासदाचे तीन प्लॉट असले तर?"

"तीन ओळी."

"आणि त्याने बँक बदलली तर?"

"तीन ठिकाणी खोडून नवा नंबर लिहायचा."

"दोन ठिकाणी खोडला आणि तिसरीकडे राहिला तर?"

मी गप्प बसलो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असतात. ते जुन्या खात्यावर जाऊन परत आले की काय होते, हे ज्याने भोगले त्याला विचारा.

सगळी विद्या या एका प्रश्नात आहे म्हणा ना. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची. सभासदांची वही वेगळी : तिच्यात सभासद क्रमांक, नाव, पत्ता, बँक. जमिनीची वही वेगळी : तिच्यात प्लॉट आणि तो कोणाचा, तो सभासद क्रमांक. लागणीची वही वेगळी : कोणत्या प्लॉटवर, कोणत्या हंगामात, कोणती जात, कोणत्या तारखेला. लागणीच्या वहीत सभासदाचे नाव लिहायचेच नाही. प्लॉटच्या क्रमांकावरून जमिनीची वही आणि तिथून सभासदाची वही संगणक स्वतः गाठतो. खोडवा राहिला तर लागणीच्या वहीत नवी ओळ, बाकी कशाला हात लावायचा नाही. ही वह्या क्रमांकाने जोडण्याची कल्पना आय.बी.एम. कंपनीतले एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. त्याआधीच्या पद्धतींत माहिती संगणकात कुठल्या वाटेने ठेवली आहे ते ठाऊक असल्याशिवाय ती काढता येत नसे.

क्रमांकच का, नाव का नाही? एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचेही नाव तेच असलेले दोन सभासद आपल्याकडे आहेत. करावे गावातल्या दादांचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा. त्यांच्या आजोबांच्या नावच्या जमिनी संपादनात गेलेल्या, साडेबारा टक्के भूखंडाच्या योजनेचे कागद पिशवीभर, आणि वारस आता तेवीस. एकाच्या नावाची स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेची. दादा वर्गात आले होते ते नोकरीसाठी नव्हे. कोणता कागद कोणाच्या नावावर आणि कोणाची सही बाकी, हे भाऊबंदांना एका पानावर दाखवता यावे म्हणून. शेवटच्या रविवारी त्यांनी ते पान छापून घेतले आणि घडी न घालता, पुठ्ठ्यात ठेवून घरी नेले.

माझी पहिली फजिती 'गट' या शब्दावर झाली. आपल्याकडे गट म्हणजे कारखान्याचा शेतकी गट आणि गट म्हणजे जमिनीचा गट नंबरसुद्धा. मी रकान्याला नुसते 'गट' नाव दिले, आणि माहिती भरणाऱ्या मुलाने निम्म्या ओळींत एक आणि निम्म्या ओळींत दुसरे भरले. मुलाचा काय दोष!

वह्या जोडल्या की पुढचे काम सोपे. संगणकाला प्रश्न विचारायचा : अमुक गावातली, को ८६०३२ जातीची, ३१ जुलैपूर्वी लागण झालेली क्षेत्रे तारखेच्या क्रमाने दे. मग माहिती भरायला एक फॉर्म आणि छापायला एक अहवाल. एवढे झाले की लहानसा कार्यक्रम तयार होतो. एका गट कार्यालयाला, दोन-चार संगणकांना तो पुरतो. सबंध कारखान्याचे बिलिंग त्याच्यावर टाकू नये, असे माझे मत आहे.

हे काही आपणच पहिल्यांदा करतो आहोत असे नाही. वारणानगरच्या परिसरात १९९८ साली सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. उसाची नोंद, तोड आणि वजन यांची माहिती सभासदाला गावातच मिळावी, हा हेतू. पुढे २००६-०७ च्या सुमारास तिथल्या सात गावांत संगणकाच्या जागी मोबाईलच्या लघुसंदेशावर तीच माहिती देऊन पाहिली गेली. कारण अभ्यासकांना असे आढळले होते की केंद्रावर येणारा शेतकरी बाकी कशासाठी नव्हे, मुख्यतः स्वतःच्या उसाच्या माहितीसाठीच येतो. मला त्यात नवल वाटले नाही.

जुन्या कारकुनांना डीबेस आणि फॉक्सप्रो ही नावे आठवत असतील. नव्वदच्या दशकात कितीतरी कार्यालये फॉक्सप्रोवर चालली. पण त्याच्या शेवटच्या आवृत्तीलाही २०१५ नंतर कंपनीचे पाठबळ राहिले नाही. म्हणून कोणताही प्रोग्रॅम घेताना पहिला प्रश्न हा विचारावा की उद्या हा बंद पडला तर आमची माहिती साध्या तक्त्यात बाहेर काढता येईल का?

आता माझी मोठी चूक सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये मी एका गटाची, आदल्या वर्षीच्या अडसाली लागणीची चाचणी यादी काढली. तारखेच्या क्रमाने सुबक छापली गेली. आमच्या एका जुन्या चिटबॉयने ती हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "साहेब, मे महिन्यात अडसाली कोण लावतं?"

झाले होते असे. संगणकाने काही तारखा अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, वाचल्या होत्या. ५ ऑगस्टची लागण आपण ०५/०८ लिहितो. ती झाली ८ मे, आणि तो सभासद यादीत सर्वांच्या वर गेला. १० जुलैची लागण १०/०७. ती झाली ७ ऑक्टोबर, आणि खरोखर लवकर लागण केलेला शेतकरी पार तळाला. त्यातही खुबी अशी की २५ जुलै बरोबरच राहिली, कारण पंचविसावा महिना नसतो. फक्त एक ते बारा तारखांची उलथापालथ, म्हणून वरवर पाहता यादी ठीकच दिसत होती. चूक माझीच, मी तपासली नव्हती. ती यादी तशीच टोळ्यांच्या हाती गेली असती, तर दहा जुलैच्या सभासदाला मी काय दाखवणार होतो? संगणकाची छापील यादी!

तेव्हापासून महिना आकड्यात लिहायचा नाही, अक्षरात लिहायचा, हा आमच्या गटात नियम आहे. शिवाय अडसाली नोंदीत जुलै-ऑगस्टबाहेरची तारीख आली तर संगणक ती स्वीकारतच नाही. आणि दर शनिवारी साठ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात कुलपात ठेवली जाते.

ज्यांना स्वतः किंवा घरातल्या मुला-सुनांना हे शिकावेसे वाटते, त्यांनी एमएस-सीआयटी झाल्यावर थांबू नये. तिथे संगणकाची ओळख होते. वह्या जोडण्याचे काम त्याच्या पुढचे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रांवर वयाची आडकाठी न येता शिकता येते, चौकशी करावी. जाताना स्वतःची एखादी वही बरोबर न्यावी, दूध डेअरीची असो की बचत गटाची. पुस्तकातल्या उदाहरणांनी मला काही समजले नाही; आपल्या रजिस्टरने समजले.

सध्या गट कार्यालयात प्रत्येक सभासदाच्या लागण नोंदीचा छापील उतारा मिळतो. येताना सातबारा आणि बँक पासबुक आणावे. नाव, गट नंबर, क्षेत्र, जात आणि विशेषतः तारीख स्वतः वाचून मगच सही करावी; वाचता येत नसेल तर घरातले कोणी बरोबर आणावे. फरक आढळल्यास चिटबॉयशी वाद न घालता तिथेच लेखी अर्ज द्यावा. दुरुस्ती झाल्यावर नवा उतारा त्याच वेळी छापून मिळेल, आणि जुन्या तारखेच्या जागी नवी कोणी व कधी घातली तेही त्यावर दिसेल.

— ऊस विकास अधिकारी