नवरा-बायकोचे विवरणपत्र : एक की दोन?

रावेत हे कालपरवापर्यंत पवनाकाठचे गाव होते. आता तेथे उंच इमारती उभ्या आहेत. तळवडे, भोसरी, चाकण भागात छोटे वर्कशॉप चालविणारे, लेथ-मिलिंगचे जॉबवर्क करणारे लोक तेथे सदनिका घेतात. घर कोणाच्या नावे घ्यावे, हा प्रश्न निघाला की सल्ला तयार असतो : "बायकोच्या नावे घ्या, कर वाचतो." हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी पुढे नोटीस येते. म्हणून पती-पत्नीच्या आयकराचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट अशी की अमेरिकेत नवरा-बायको मिळून एकच विवरणपत्र भरू शकतात. भारतात तशी सोय नाही. आपला कायदा दोघांना दोन स्वतंत्र करदाते मानतो. विवरणपत्रातील दर्जाच्या रकान्यात दोघांनीही 'व्यक्ती' असेच लिहावयाचे असते. पॅनचे चौथे अक्षर पाहिले तरी हे कळते. व्यक्तीसाठी 'पी' आणि हिंदू अविभक्त कुटुंबासाठी 'एच' असतो.

हा 'एच' दर्जा मुस्लिम कुटुंबाला मिळत नाही, कारण आपल्या वारसा कायद्यात जन्माने मिळणारी एकत्र मिळकत नाही. भाऊ-भाऊ एका चुलीवर जेवत असले तरी करासाठी ते वेगवेगळेच. याची फारशी खंत करू नये. १ एप्रिल २०२५ पासून नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर व्यक्तीला कर पडत नाही. ही सवलत अविभक्त कुटुंबाला नाही. व्यक्तीला मात्र आहे, आणि ती पतीला वेगळी व पत्नीला वेगळी मिळते.

लग्नामुळे हिशेब बदलतो तो गोव्यात. तेथील पोर्तुगीज नागरी संहिता ज्यांना लागू आहे, त्या पती-पत्नींचे पगाराखेरीजचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरले जाते. ही संहिता सर्व धर्मीयांना लागू आहे. रावेतमध्ये राहणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबाला ही सोय नाही.

मग येथे अडचण कोठे येते? पतीने पत्नीला योग्य मोबदल्याशिवाय पैसा किंवा मालमत्ता दिली, तर त्यापासूनचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. पत्नीने पतीला दिले तरी नियम तोच. यालाच 'क्लबिंग' म्हणतात. १९६१ च्या कायद्यात हा नियम होता. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यातही तो कायम आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, वर्कशॉपवाल्या पतीचे करपात्र उत्पन्न १८ लाख आहे. त्याने स्वतःच्या पैशाने ६० लाखांची सदनिका केवळ पत्नीच्या नावे घेतली. महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या एकटीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. त्याचे ६० हजार वाचले. ही सवलत खरी. सदनिका महिना २० हजारांनी भाड्याने दिली. वर्षाचे २ लाख ४० हजार झाले, आणि दुरुस्तीपोटीची ३० टक्के वजावट जाता १ लाख ६८ हजार उरले. ही रक्कम पत्नीच्या विवरणपत्रात दाखविली तर कर शून्य. परंतु कायद्याने ती पतीची आहे. नव्या पद्धतीत २० टक्के दराने, उपकरासह, त्यावर ३४,९४४ रुपये पडतात. ते चुकविल्याचे उघड झाले तर कर, व्याज आणि दंड असा तिहेरी भार येतो. दंड कराच्या ५० टक्क्यांपासून २०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

धंद्यातून पत्नीला पगार देण्याचेही तसेच आहे. धंद्यात पतीचा मोठा हिस्सा असेल आणि पत्नीकडे कामाला लागणारी तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तो पगार पतीच्याच उत्पन्नात जातो. पत्नी हिशेबनीस म्हणून शिकलेली असेल व खरोखर वह्या लिहीत असेल, तर गोष्ट वेगळी.

आता मेहेरचे पाहू. मेहेर ही भेट नाही, ते पतीवरचे कर्ज आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१६ साली हमीरा बीबी खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून ठरलेला मेहेर फेडणे आणि राजीखुशीने हिबा करणे यांत फरक करावा. त्यासाठी मेहेरची रक्कम निकाहनाम्यात स्पष्ट लिहिलेली हवी आणि ती बँकेतून दिलेली बरी. पाच हजारांचा मेहेर लिहून पन्नास लाखांचे घर 'मेहेरपोटी' दिले म्हटले, तर अधिकारी ऐकणार नाही. लग्नापूर्वी दिलेल्या मालमत्तेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली थॉमस खटल्यात निर्णय दिला. देतेवेळी दोघे पती-पत्नी नसतील, तर क्लबिंग होत नाही.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. पत्नीची स्वतःची कमाई, माहेरचा वारसा, फेडलेला मेहेर, हे तिच्या स्वतंत्र खात्यात ठेवा आणि त्यातूनच तिच्या नावे गुंतवणूक करा. घर दोघांचे असेल तर खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा लिहा. हप्तेही त्या हिश्शाप्रमाणे ज्याच्या-त्याच्या खात्यातून जाऊ द्या. करपद्धती जुनी की नवी, हे दोघांनी आपापला हिशेब करून ठरवावे. ती एकच असली पाहिजे असे नाही. मात्र धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याने जपून निवड करावी. जुनी पद्धत सोडून एकदा नवीत आल्यावर त्याला सहसा परत जाता येत नाही.

घर बायकोच्या नावे जरूर करा. तिला त्याने आधार मिळतो, आणि हे कारण करबचतीपेक्षा मोठे आहे. पण विवरणपत्र भरताना घर कोणाच्या नावे आहे हे पाहण्याआधी, पैसा कोणाचा होता हे पाहा.