पंचगंगेच्या खोऱ्याचा अभ्यास: भूदृश्य रचना आणि पर्यावरण नियोजनाची दोन दशके

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गगनबावडा आहे, पूर्वेला शिरोळ. दोहोंमध्ये अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळला पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावरचे हे सारे पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांतून प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते. पाचवी सरस्वती लोकश्रद्धेनुसार गुप्त आहे. तिथून पुढे पंचगंगा म्हणून ते कोल्हापूर शहराला वळसा घालते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. घाटातला उतार तीव्र, तर शहरापासून पुढचा प्रवास जवळजवळ सपाट आणि वळणावळणांचा. या भूगोलात शहर कुठे वाढावे, पाणी कुठे थांबावे आणि कोणती जमीन मोकळी ठेवावी, हे ठरवण्याचे शास्त्र म्हणजे भूदृश्य रचना आणि पर्यावरण नियोजन. 2005 ते 2025 या काळात कोल्हापूर परिसरात या विषयाचा अभ्यास बराच पुढे गेला. बागा आणि सुशोभीकरण यांच्यापुरता असलेला विचार ओढे, पूरमैदाने, घाटमाथ्यावरचे खडकाळ सडे आणि संपूर्ण खोरे यांच्यापर्यंत पोहोचला.

अर्थात हा विचार कोल्हापूरला अगदी नवा नव्हता. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1902 मध्ये, संस्थानाचे पाटबंधारे धोरण जाहीर झाले आणि पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात. संस्थानात विकसित झालेला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ पुढे राज्यभर गेला. पावसाळ्यानंतर त्यात बरगे म्हणजे आडव्या फळ्या घालून पाणी अडवायचे आणि पावसाळ्याआधी ते काढून नदी मोकळी करायची, ही त्याची रीत. पुराच्या दिवसांत नदीला तिची वाट पूर्ण मिळाली पाहिजे, ही जाण या साध्या रचनेतच आहे. पुढच्या शहर नियोजनाने नेमकी तीच जाण हरवली.

शहराच्या आतही पाण्याचे जुने जाळे होते. कोल्हापूर ही तळ्यांची नगरी. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, कोटितीर्थ, रंकाळा, पुढे कळंबा आणि राजाराम तलाव. विसाव्या शतकात यांपैकी काही तळी बुजवली गेली. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आले, कपिलतीर्थाच्या जागी मंडई. गांधी मैदानावर दर पावसाळ्यात पाणी साचते. ते काढण्यासाठी पंप लावले जातात, चर खणले जातात, आणि पुढच्या वर्षी पाणी पुन्हा तिथेच येते. भोवतालच्या वस्तीचा उतार त्या जागेकडे आहे, म्हणूनच पूर्वी तिथे तळे होते. तळे बुजवता आले, तरी उतार तसाच राहिला.

स्कॉटिश-अमेरिकन भूदृश्य रचनाकार इयन मॅकहार्ग यांनी 1969 च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या ग्रंथात मांडलेली पद्धत इथे समजून घ्यायला हवी. माती, उतार, जलप्रवाह, पूरक्षेत्र, वनस्पती यांचे वेगवेगळे नकाशे काढायचे आणि ते एकावर एक ठेवून पाहायचे, म्हणजे कोणती जमीन कशाला योग्य हे दिसते. पूर्वी हे काम पारदर्शक कागदांवर होई. उपग्रह छायाचित्रे आणि भौगोलिक माहिती प्रणाली हाताशी आल्यावर ते जिल्ह्याच्या विद्यापीठांतही होऊ लागले. कोल्हापूरच्या अलीकडच्या संशोधनाचा मोठा भाग याच पद्धतीच्या वळणावर उभा आहे.

त्याला निकड आणली ती पुरांनी. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरली जाते. 2005 च्या पुरात नदी पन्नास फुटांच्या आसपास गेली. तेव्हा हा पूर पिढीतून एकदाच येणारा, असे मानण्याकडे कल होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फूट 7 इंचांवर गेले. 2021 च्या जुलैमध्ये त्याहीपेक्षा वर, 56 फूट 3 इंचांवर. 2019 मध्ये पाणी अनेक दिवस ठाण मांडून बसले, तर 2021 मध्ये ते झपाट्याने चढले.

या दोन पुरांच्या मध्ये, आणि आधीही, अभ्यास झाले होते. शिवाजी विद्यापीठाच्या भूगोल विभागातील सचिन पन्हाळकर आणि अमोल जरग यांचा पंचगंगेच्या पूरधोक्याचे मूल्यमापन करणारा निबंध 2017 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, म्हणजे 2019 च्या पुराच्या दोन वर्षे आधी. अशा अभ्यासात पुराला कारण ठरणाऱ्या घटकांना त्यांच्या महत्त्वानुसार वजन देऊन धोक्याचे पट्टे आखले जातात. नियोजनाच्या दृष्टीने या कामाचे मोल मोठे आहे, कारण त्यामुळे पुराची चर्चा ‘किती फूट पाणी’ यावरून ‘कोणत्या जमिनीवर पाणी’ इथे आली.

2019 च्या पुरानंतर राज्य शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 2020 मध्ये तिचा अहवाल आला. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर येतो, ही जिल्ह्यातली सर्वांत प्रचलित समजूत समितीने मान्य केली नाही. असाधारण पाऊस आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांमुळे घटलेली नदीची वहनक्षमता यांवर तिने बोट ठेवले. अलमट्टीचा वाद त्यानंतरही थांबलेला नाही आणि धरणाची उंची वाढवण्याच्या प्रस्तावाला जिल्ह्याचा विरोध आहे. मात्र त्या वादात घराजवळच्या कारणांकडे दुर्लक्ष होते, हे नुकसान खरे आहे.

ही घराजवळची कारणे नकाशावर स्पष्ट दिसतात. शहराच्या दक्षिणेकडील डोंगरउताराचे पाणी घेऊन जयंती हा प्रवाह भर वस्तीतून पंचगंगेकडे जातो. बोलण्यात आणि कागदोपत्री तो ‘नाला’ झाला आहे. पंचगंगा फुगली की जयंतीचे पाणी पुढे सरकू शकत नाही, ते उलटे शिरते आणि शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर हा भाग बुडतो. म्हणजे शहरात पूर येतो तो बराचसा ओढ्याच्या वाटेने. त्या ओढ्याचे पात्र अरुंद करून, त्यावर स्लॅब टाकून किंवा काठाशी मुरमाचा भराव घालून केलेले प्रत्येक बांधकाम थेट पुराच्या पातळीत भर घालते. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गाचा भराव पूरमैदानाला आडवा जातो. 2019 मध्ये तिथे पाणी येऊन महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता हवा, ही त्यानंतर जोर धरलेली मागणी भूदृश्य नियोजनाच्या मूळ तत्त्वाला धरूनच आहे.

पूरक्षेत्रासाठी नियम नाहीत असे नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखून निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांमध्ये निर्बंध, ही पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ आहे. अडचण दुहेरी आहे. रेषा ज्या जुन्या आकडेवारीवर आखतात ती बदलत्या पावसापुढे अपुरी पडते. दुसरी अडचण अधिक गंभीर: रेषा आखण्याआधीच परवानग्या दिल्या जातात. नेदरलँड्सने 2006 नंतर ‘नदीला जागा’ या धोरणाखाली तीसहून अधिक ठिकाणी तटबंध मागे घेतले, पूरमैदाने खोदून खोल केली आणि काही शेतजमिनी पाण्यासाठी मोकळ्या केल्या. कोल्हापुरात नदीकाठची मळी अजून बऱ्याच अंशी उसाखाली आहे, इमारतींखाली नाही. म्हणजे इथे जागा परत घ्यावी लागणार नाही, आहे ती राखली तरी पुष्कळ आहे.

माणसांना हलवणे हा उपाय किती अवघड असतो, याचा धडा प्रयाग चिखली आणि आंबेवाडीने दिला आहे. 1989 च्या पुरानंतर या गावांसाठी सोनतळी इथे उंचावर जागा देण्यात आली. तरीही अनेक कुटुंबे जुन्या गावातच राहिली आणि पुढच्या प्रत्येक पुरात त्यांना बाहेर काढावे लागले. शेती नदीकाठी, जनावरे शेताजवळ, दुधाचा धंदा जनावरांवर. घराचा भूखंड उंचावर मिळाला, पण गोठा आणि रान खालीच राहिले. पुनर्वसन हे भूदृश्याचे नियोजन आहे, त्यात घराइतकेच चारा, वाट आणि पाणी येते, ही गोष्ट आजच्या अभ्यासकांनी चिखलीवरून शिकण्याजोगी आहे.

याच काळात एक प्रयोग यशस्वी झाला आणि तो शहराच्या हद्दीतच आहे. 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे 853 एकरांचे आवार मूळचे उजाड माळरान. तिथे झाडे लावली गेली, उताराचे पाणी तळ्यांत आणि विहिरींत वळवले गेले आणि विद्यापीठ पाण्याच्या बाबतीत बहुतांशी स्वावलंबी झाले. 2019 च्या पुरात नदीकाठची उपसा केंद्रे बुडाली. चहूकडे पाणी असताना शहराला पिण्याचे पाणी मिळेना. त्या दिवसांत विद्यापीठाच्या साठ्यातून नागरिकांना पाणी दिले गेले. उतार वाचून केलेल्या रचनेचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला दूर जाण्याची गरज नाही. चीनमध्ये कोंगजियान यू यांनी मांडलेली ‘स्पंज शहरा’ची कल्पना गेल्या दशकात जगभर गाजली. पडलेले पाणी तिथेच मुरवायचे आणि साठवायचे हे तिचे तत्त्व या माळावर आधीच उतरले होते.

रंकाळ्याची कथा मात्र इतकी सुखाची नाही. सांडपाणी, त्यातून वाढणारे केंदाळ आणि हिरवट शेवाळ यांनी तलाव ग्रासला. केंद्राच्या सरोवर संवर्धन योजनेतून निधीही आला. अभ्यासकांचे म्हणणे असे की दुखणे तलावात मिळणाऱ्या नाल्यांत आणि वरच्या बाजूच्या परताळ्याच्या पाणथळीत आहे. खर्च मात्र बऱ्याचदा काठावरच्या फरशा, कारंजी आणि दिवे यांवर होत राहिला. पदपथ सुंदर असावा यात वावगे काही नाही. पण पाणथळ जागा वाचल्याशिवाय तलाव वाचत नाही. गणेशमूर्तींच्या विसर्जनासाठी इराणी खणीसारख्या पर्यायी जागा आणि मूर्तिदानाची चळवळ यांनी दाखवले की लोकांना बरोबर घेतले तर बदल होतो.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला संशोधनाने आणखी एक मोठा गैरसमज दूर केला. सह्याद्रीच्या माथ्यावरचे जांभ्या दगडाचे सडे कागदोपत्री पडीक मानले जात. श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांच्या 2002 च्या ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ने जिल्ह्याच्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद केली. अपर्णा वाटवे यांच्या सड्यांवरील अभ्यासाने या पातळ मातीच्या, पावसाळ्यापुरत्या फुलणाऱ्या अधिवासाचे वेगळेपण पुढे आणले. सड्यावर मुरलेले पाणी खालच्या गावांच्या झऱ्यांना मिळते. म्हणून तिथे बॉक्साइटची खाण काढणे जितके घातक, तितकेच खड्डे खणून सरसकट झाडे लावणेही चुकीचे. वृक्षारोपण म्हणजे पर्यावरण, ही सवय मोडायला याच संशोधनाचा आधार आहे.

धोरणाने यातले थोडे घेतले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011 मध्ये अहवाल दिला. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली, आणि 2014 पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यांमागून मसुदे निघाले. सहावा मसुदा 2024 च्या जुलैमध्ये आला. दुसरीकडे राधानगरी अभयारण्याचा समावेश 2012 मध्ये जागतिक वारशात झाला. डिसेंबर 2020 मध्ये राज्याने मान्यता दिलेल्या संवर्धन राखीव क्षेत्रांत पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही जिल्ह्यातील पाच क्षेत्रे आली. पुढे 2022 मध्ये मसाई पठारालाही हा दर्जा मिळाला. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात पन्हाळा आहे. या नोंदीत किल्ल्याच्या भिंतींइतकेच भोवतालच्या डोंगर-दऱ्यांना महत्त्व आहे. गडाच्या पायथ्याशी आणि वाटांवर होणाऱ्या बांधकामांचा विचार त्या दृष्टीनेच करावा लागेल.

आता सगळा भार आराखड्यांवर येतो. महापालिका 1972 मध्ये झाली, पण हद्दवाढीचा वाद न मिटल्याने शहर सुमारे 67 चौरस किलोमीटरमध्येच अडकून राहिले. भोवतालच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. नदी, ओढे आणि पूरमैदान मात्र या दोन्ही हद्दी ओलांडून जातात. एका हद्दीत घातलेला भराव दुसऱ्या हद्दीतल्या घरात पाणी आणतो. त्यामुळे शहराचा नवा विकास आराखडा आणि प्राधिकरणाच्या गावांचे नियोजन एकाच पाणलोट नकाशावर बेतले पाहिजे. आधी ओढे, तळी, पूररेषा आणि सडे आखावेत, आणि उरलेल्या जमिनीवर निवासी, व्यापारी, औद्योगिक असे रंग भरावेत. त्यासाठी लागणारी माहिती शिवाजी विद्यापीठात, जलसंपदा विभागात आणि वडनेरे समितीच्या अहवालात उपलब्ध आहे. प्रारूप आराखडा हरकतींसाठी खुला होतो तेव्हा नागरिकांनी आपल्या गल्लीतला ओढा त्यावर दाखवला आहे की नाही, एवढे तरी जरूर तपासावे आणि नसेल तर लेखी हरकत नोंदवावी.