बंब येईपर्यंत

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण गारगोटीच्या आसपासच्या वाड्यांत जशीच्या तशी चालते. फक्त गावांची नावं बदलून घ्यायची: आग पाटगावकडं, बंब बिद्रीला.

कोल्हापुरातून गारगोटी सुमारे 50 किलोमीटर. तिथून वेदगंगेच्या कडेकडेनं वर निघालं की रस्ता घाटमाथ्याकडं चढत जातो आणि वाड्या विरळ होतात. त्यांपैकी एखाद्या वाडीत भरदुपारी गोठा पेटला, तर महापालिकेचा बंब ही कल्पनाच राहते. लोकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते बिद्रीचं, म्हणजे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचं. कारखान्याला बंब लागतो तो स्वतःसाठी. आवारात बगॅसचे डोंगर असतात आणि त्यात एक ठिणगी गेली तर आठवडाभर धुमसत राहील एवढा माल असतो. पण फोन आला की तोच बंब गोठ्याकडं, उसाकडं, बाजारपेठेतल्या दुकानाकडंही धावतो. कारखाना सहकारी असल्यामुळं त्यात शेतकऱ्यांचं भागभांडवल आहे. ज्याचा ऊस पेटला तो पुष्कळदा त्या बंबाच्या एखाद्या नटबोल्टचा मालकही असतो! शहरातल्या माणसाला अग्निशमन दलाशी असं नातं सांगता येणार नाही.

ही व्यवस्था अशी का झाली, याचं एक कारण थेट राज्यघटनेत सापडतं. 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली आणि नगरपालिकांसाठी बारावी. बाराव्या अनुसूचीतल्या 18 विषयांत अग्निशमन सेवा आहे. अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. पिण्याचं पाणी, रस्ते, बाजार, अगदी जत्राही आहेत, पण आग विझवणं त्यात नाही. म्हणजे कागदोपत्री आग ही शहरात लागणारी गोष्ट ठरली. इथं मात्र भाताच्या पिंजराची व्हळी, उसाचा पाला, गुऱ्हाळाच्या चुलवणापुढं वाळत पडलेली चिपाडं आणि डोंगरावरचं वाळलं गवत, हे सगळं जानेवारीपासून मेपर्यंत उन्हात तयार होऊन बसलेलं असतं.

बंब हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘बोंबा’वरून, म्हणजे पंपावरून आलेला. आपल्याकडं न्हाणीघरातला तांब्याचा बंबही बंबच: पोटात आग आणि भोवती पाणी. रस्त्यावरच्या बंबाच्या पोटात पाणी आणि आग बाहेर. हा मोठा बंब पोचेपर्यंत गावाजवळ असते ती बोंब. ‘आरं पळा, व्हळी पेटली!’ एवढी आरोळी कानावर पडली की हातातलं काम टाकून माणसं धावतात. आता आरोळीला देवळावरच्या कर्ण्याची आणि व्हॉट्सॲपच्या गटाची जोड मिळाली आहे. तरी पहिले दहा जण पोचतात ते आरोळी ऐकूनच. मोबाइल बघून निघालेले नंतर येतात, आणि त्यांतले दोघे व्हिडिओ काढत येतात.

उसाची आग जवळून पाहिली नसेल तर तिचा आवाज कल्पनेत येत नाही. पाला तडतडतो, कांड्या फुटतात, आणि वारं असेल तर सरीच्या सरी मिनिटांत काळ्या पडतात. बऱ्याचदा सुरुवात वरून होते. लोंबलेल्या तारा वाऱ्यानं एकमेकींना घासतात आणि ठिणगी वाळल्या पाल्यात पडते. म्हणून पहिला फोन वायरमनला जातो: लाइन बंद कर. लाइन बंद झाली की विहिरीवरची मोटारही बंद! जिच्यामुळं आग लागली आणि जिच्यावर पाणी यायचं, ती वीज एकच. तारांखाली पाणी मारायची जोखीम कुणी घेत नाही, मग उरतात कोयते. जाणती माणसं पेटलेल्या उसाकडं धावत नाहीत. ती वाऱ्याच्या दिशेनं पुढं जाऊन उभा, चांगला ऊस तोडायला लागतात. चार-सहा सऱ्यांचा पट्टा मोकळा करायचा, पाला मागं ओढायचा, आणि आगीला खायला काही ठेवायचं नाही. जवळपास बीडकडची ऊसतोड टोळी उतरलेली असली तर निम्मं काम झालंच म्हणायचं, कारण तो हात रोजचा. त्यांच्या खोपीही पाल्याच्याच असतात, त्यामुळं धावण्यात परकेपणा नसतो.

खरा पेच तोडायचा कुणाचा ऊस, हा. पट्टा बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या रानातून काढावा लागतो. त्या शेजाऱ्याशी बांधावरून दहा वर्षं बोलणं नसतं, एखाद्याची तर तारीखही चालू असते. त्या घटकेला कुणी विचारत बसत नाही, कोयता चालतो. (बोलणं नंतर सुरू होतंच असं नाही.) आग विझल्यावर धावपळ कारखान्याची. जळका ऊस उभा राहिला की वजन घटतं, साखर उतरते, आणि दरात कपात लागते. म्हणून तोड लवकर मिळवणं हा आग विझवण्याचाच उत्तरार्ध असतो.

वणव्याचं तंत्र निराळं. भुदरगडच्या पठारावर किंवा पाटगावच्या सड्यांवर बंब चढणारच नाही. तिथं शस्त्र म्हणजे ओली डहाळी. ती उचलून आपटायची नसते; आपटली की ठिणग्या उडून मागं नवी आग लागते. डहाळी ज्वाळेवर दाबायची आणि जळल्या बाजूकडं ओढायची. उतारावर आगीच्या वर उभं राहायचं नाही, कारण चढावर ती माणसापेक्षा जोरात पळते. वन खातं हिवाळ्यातच जाळरेषा काढून ठेवतं. 1927 च्या भारतीय वन अधिनियमानं जंगलात हक्क असलेल्या माणसावर तिथली आग विझवायची जबाबदारीही टाकली आहे, म्हणजे इथला स्वयंसेवक कायद्यानं थोडा वेठीचाच. ‘जाळलं की गवत चांगलं फुटतं’ ही समजूत मात्र कायद्याला भीत नाही. पाटगाव आता मधाचं गाव आहे, महाबळेश्वरजवळच्या मांघरच्या पाठोपाठचं. सातेरी माशीला फुलोरा लागतो आणि फुलोरा वणव्यात जातो. माझ्या मते सरकारी फलकांपेक्षा ही मधपेटी जास्त समजावते.

बिनपगारी आग विझवणं इथंच चालतं असं नाही. चिलीत सगळे अग्निशामक बिनपगारी; वाल्परायसोत 1851 पासून ही रीत आहे. जर्मनीत गावोगावी स्वयंसेवकांची दलं आहेत, त्यांना गणवेश, शिरस्त्राण, बँडसुद्धा. मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 ला स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्यांच्या आठवणीत तो दिवस देशभर पाळतात. गारगोटीकडच्या या मंडळींना ना गणवेश ना हजेरीपट. भिजवलेलं पोतं, पाठीवरचा औषध फवारायचा पंप, कुणाचा तरी ट्रॅक्टर आणि टँकर.

बंब येतो तोवर ज्वाळा बहुधा बसलेल्या असतात. पण व्हळी आतून जळते. वरून काळी, थंड दिसते. दाताळं घालून ओढलं की पोटातून लाल निखारा निघतो. तेव्हा बंबाच्या पाण्याची खरी किंमत कळते. नळी धरणारा एक, पिंजर ओढणारे चौघे, असं तासभर चालतं. टाकी रिकामी होते, ड्रायव्हरला कुणीतरी चहा आणून देतं, आणि बंब परत जातो. राखेपाशी दोघंजण थांबतात, त्यातला एक घरचा आणि एक शेजारचा. मध्येच धूर निघाला की बादली ओततात. पहाटे गार वारं सुटलं की पुन्हा एकदा दाताळं घालून बघतात.