इंग्लिश खाडी कोठून ओलांडावी?

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबास उन्हाळी सुटीत स्वतःची मोटार घेऊन फ्रान्समध्ये उतरण्याची इच्छा झाली, की नकाशावरचे बोट प्रथम डोव्हरवर टेकते. आणि त्यात वावगे काही नाही, कारण इंग्लिश खाडी तेथे जेमतेम 33 किलोमीटर रुंद आहे, कॅलेची फेरीबोट दीड तासात पैलतीर गाठते, आणि फेऱ्याही दिवसभर सुटत असतात. परंतु ज्याचा मुक्काम नॉर्मंडीत वा ब्रिटनीत आहे, त्याला कॅलेला उतरून पश्चिमेकडे शेकडो किलोमीटर मोटार हाकावी लागते, वाटेत टोल भरावा लागतो, आणि तिकिटात झालेली बचत पेट्रोलात विरघळते. अशा प्रवाशाने न्यूहेवनहून चार तासांत दिएप गाठावे, अथवा पोर्ट्समथहून रात्रीच्या बोटीने निघून पहाटे केनजवळच्या बंदरात उतरावे. माझा स्वतःचा कल या रात्रीच्या बोटीकडे आहे. केबिनचे भाडे भारी वाटते खरे, पण हॉटेलातील एका रात्रीचा खर्च त्यातून वजा केला म्हणजे ते तितकेसे डाचत नाही. स्पेनला जाणाऱ्यास तर पोर्ट्समथहून सांतांदेरची बोट एका दिवसाहून अधिक काळ समुद्रावर ठेवते, पण फ्रान्समधील हजार किलोमीटरांहून अधिक रस्ता वाचवते. ज्यांना बोट लागते त्यांनी 1994 मध्ये खुल्या झालेल्या भुयारातून, आगगाडीवर मोटार चढवून, 35 मिनिटांत पलीकडे जावे हे उत्तम.

मोटार आपल्या चाकांनी बोटीत शिरावी, ही गोष्ट भाऊचा धक्का ते मांडवा या रो-रो सेवेमुळे आपल्याकडेही आता परिचयाची झाली आहे. परंतु 1928 मध्ये कॅप्टन टाउनसेंड यांनी डोव्हर-कॅले मार्गावर मोटारींची वाहतूक सुरू केली, तेव्हा टाकीतील पेट्रोल काढून घेऊन मोटार यारीने उचलून बोटीवर ठेवीत, आणि थेट चालवत नेण्याची व्यवस्था डोव्हरला 1953 मध्ये झाली. या सोयीची भयंकर बाजू 6 मार्च 1987 रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदराबाहेर दिसली: ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही बोट पुढचे दरवाजे उघडेच ठेवून निघाली, वाहनांच्या सलग, आडभिंती नसलेल्या मजल्यावर पाणी शिरताच काही मिनिटांत कलंडली, आणि 193 माणसे प्राणास मुकली.

दस्तऐवजांचा बंदोबस्त मात्र तिकिटापूर्वी करावा. ब्रिटनमध्ये कितीही वर्षे वास्तव्य असले, तरी भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या सामान्य प्रवाशास शेंगेन व्हिसा लागतो. डोव्हरला फ्रेंच अंमलदार इंग्रजी भूमीवरच पारपत्र तपासतात, पोर्ट्समथहून निघालेल्यांची ती तपासणी फ्रान्समध्ये उतरल्यावर होते, पण म्हणून व्हिसावाचून बोटीवर घेतील अशी आशा कोणी बाळगू नये. तिकीट काढताना टपावरच्या पेटीसह मोटारीची उंची सांगावी, कारण भाडे तीवर ठरते. फ्रान्समध्ये वाहन उजव्या बाजूने चालवायचे असल्याने इंग्रजी मोटारीच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाणार नाही अशा पट्ट्या लावाव्या, आणि धोक्याचा त्रिकोण व चकाकते जाकीट जवळ ठेवावे. शिदोरीत चिवडा खुशाल असावा. परंतु ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून मांस व दुग्धजन्य पदार्थ पलीकडे नेण्यास बंदी असल्यामुळे, घरच्या साजूक तुपाची बरणी घरीच ठेवावी लागते.