बदलापूरचा मुक्काम

कल्याण बंदरातून घाटमाथ्याकडे निघालेल्या वाटसरूने उल्हास नदीच्या काठी थकलेली घोडी सोडावी, पागेतील ताजी घोडी घ्यावी आणि पुढची मजल मारावी, अशी येथली वहिवाट होती आणि त्या अदलाबदलीवरूनच गावास बदलापूर हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. तिला आख्यायिकेइतकेच मोल द्यावे. परंतु आपले नाव एखाद्या राजावरून पडले असे न सांगता वाटसरूच्या गरजेवरून पडले असे पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात गावास भूषण वाटावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्या मुलखात पांथस्थाचा आश्रय म्हणजे देवळाचा सभामंडप, गावची चावडी, पुण्यार्थ बांधलेली धर्मशाळा, नाहीतर कोणा गृहस्थाची पडवी. यजमानाने शिधा द्यावा, पाहुण्याने तीन दगडांची चूल मांडून तो स्वहस्ते शिजवावा, जनावरास वैरण मिळावी आणि पहाटे निघताना मोबदल्याची भाषा कोणीच काढू नये, असा तो रिवाज. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थोतीर्थी ज्या धर्मशाळा बांधल्या, त्यांच्यामागेही हाच धर्म होता.

या आतिथ्याची मर्यादा मात्र झाकून ठेवता येत नाही. रावबहादूर सी. के. बोले यांनी 1923 साली मुंबई कायदे मंडळात जो ठराव संमत करून घेतला, त्यात अस्पृश्यांस खुल्या करावयाच्या सार्वजनिक स्थळांमध्ये विहिरी आणि पाणवठे यांच्या जोडीला धर्मशाळांचाही नामनिर्देश करावा लागला. ज्या इमारतीच्या नावातच धर्म होता, तिच्या दारातून किती थकलेली माणसे केवळ जातीपायी माघारी गेली असतील, हे त्या एका शब्दावरून उमगते आणि मन विषण्ण होते.

1856 साली कल्याणच्या पुढे बदलापूरवरून पळसदरीकडे लोहमार्ग गेला, 1863 साली बोरघाटाची चढण पुरी झाली आणि ज्या वाटेवर मुक्काम केल्यावाचून गत्यंतर नव्हते, तीवरून प्रवासी गावाकडे न पाहताच पुढे जाऊ लागले. पागा गेल्या. पुढे चाकरमान्यांची वस्ती वाढली आणि गावाचे शहर झाले.

आणि तरीही 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली, तेव्हा त्या जुन्या वाटेवर पुन्हा एकदा मुक्काम पडला. चहूकडे पाणी, डब्यांतून लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती स्त्रिया. अशा वेळी आपत्ती निवारण दलाच्या आणि नौदलाच्या जवानांबरोबर आसपासचे ग्रामस्थही मदतीस धावले. सुटका झालेल्यांस एका मंगल कार्यालयात आसरा मिळाला. सुमारे 1050 प्रवासी सुखरूप बाहेर आले आणि त्यांना कोल्हापूरला नेण्यासाठी कल्याणहून खास गाडी सोडण्यात आली.